मस्कत शाखेचा पुढचा खांदा

मी गाव सोडलं त्या दिवशी सकाळची एस.टी. माझ्यासाठी पंचवीस मिनिटं खोळंबली होती, आणि तिला खोळंबून ठेवलं होतं देवाने. आबा, म्हणजे माझे वडील, गावकर. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. मुलगा मस्कतला चाललाय म्हटल्यावर त्यांनी देवाला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं: माझी शाळा, बारावीतला गणिताचा घोटाळा, एसी दुरुस्तीचा कोर्स, व्हिसा आला तो दिवस. प्रत्येक वाक्याला मागची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, मग तोही खाली उतरला आणि टोपी काढून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लागला. आईने पिशवीत कोकमं आणि कुळथाचं पीठ कोंबलं. आबा रडले नाहीत. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, “दिन्या, तुजी जागा हाय तिथंच हाय. कदी पन ये.”

गावाकडे राहिलेल्यांना ही जागा कुठली ते सांगायला नको. पण गाव सोडलेल्यांची पोरंबाळंही हे वाचतील, म्हणून सांगतो. शिमग्याला आमची पालखी निघते. तिच्या दांड्याचा पुढचा खांदा आमच्या घराचा, मागचा खोतांचा, ढोल सुतारवाडीचे. पालखी सगळ्यात शेवटी मुसलमानांच्या मोहल्ल्याच्या नाक्यावर थांबते आणि तिथला नारळ मोहल्ल्यातल्या घराचा. हे कधी आणि कुणी ठरवलं ते कुणाला ठाऊक नाही, पण बदलायचं म्हटलं तर डोकी फुटतील.

गाव सोडल्याला आता वीस वर्षं झाली. मी मस्कतच्या अल् घुब्रा भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, दुसऱ्यांनी दुरुस्त केलेले एसी तपासतो आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या मस्कत शाखेचा सचिव आहे. शाखेचे सभासद अठरा, त्यातले पदाधिकारी चौदा. उरलेल्या चौघांना आम्ही ‘सल्लागार’ केलंय, म्हणजे रुसवेफुगवे नकोत.

या मंडळाने मागच्या हिवाळ्यात फुटबॉलची टीम काढली. आम्ही कोकणातली माणसं, म्हणजे जन्मजात क्रिकेटवाले. पण अल अमेरातला डोंगराच्या पायथ्याशी दर शुक्रवारी संध्याकाळी सात-सात जणांची स्पर्धा होते ती फुटबॉलची, आणि शेजारच्या तालुक्याच्या मंडळाने त्यात नाव दिलं. आमचे अध्यक्ष शांतारामदादा खोत तीस वर्षं इथे स्टोअरकीपर आहेत. ते म्हणाले, “फुटबॉलला लागतं काय? पाय. ते सगळ्यांना हायत. यल्ला, चला, नाव दे.”

मग टीम निवडायला माझ्याच हॉलमध्ये मीटिंग बसली. कोण कसा खेळतो हा विषय कुणी काढलाच नाही. कुठल्या वाडीचा मान कुठे, इथूनच सुरुवात झाली. जगात कुठल्याही टीमचे कारभारी असं करत नसतील, पण आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पुढचा खांदा गावकरांचा, म्हणून मी सगळ्यात पुढे. खोतांचे तिघे मागे. सुतारवाडीचे दोघे मध्ये, कारण ढोल मध्ये असतो. मोहल्ल्याचा लतीफ इब्रा गावच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कापडाचं दुकान चालवतो आणि तिथल्या ओमानी पोरांबरोबर वर्षानुवर्षं फुटबॉल खेळतोय. आमच्यात खेळ येणारा तो एकटा. पण पालखी मोहल्ल्यात शेवटी जाते, म्हणून लतीफ सगळ्यात शेवटी, गोलात! सात जागा भरल्या, कुणी रुसलं नाही. शांतारामदादांनी मिनिटबुकात ‘निवड बिनविरोध’ असं लिहून घेतलं आणि माझ्या बायकोने बटाटेवडे आणले.

आता पुढे उभं राहणाऱ्याचं काम सांगतो. मागून कुणीतरी लांब पास मारतो. तो चेंडू वरून येतो, आणि पुढच्याने तो पायाखाली मऊ उतरवून घ्यायचा. सगळा खेळ या घेण्यावर असतो. घेता आला तर गोल, नाही तर धावपळ. सुतारवाडीचा सुऱ्या खरंच सुंदर पास मारायचा. तो चेंडू माझ्या नडगीवर आपटायचा आणि आला त्याहून जोरात परत जायचा. एकदा तो थेट चहावाल्याच्या टेबलावर गेला आणि सहा कप कडक चहा आडवा झाला. पहिल्या तीन मॅच आम्ही अशा हरलो की समोरचे शेवटी आम्हालाच टाळ्या द्यायला लागले.

दर मॅचआधी शांतारामदादा मैदानावर गाऱ्हाणं घालायचे, आम्ही बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो आणि रेफरी घड्याळ बघायचा. लतीफही म्हणायचा, सगळ्यात मोठ्याने. तिसऱ्या मॅचला मात्र तो गोलात उभा राहून कंटाळला. वरून आलेला एक चेंडू त्याने हाताने अडवायचा सोडून पायावर घेतला. हातातला मोदक ताटात ठेवावा तसा तो चेंडू त्याच्या पायाशी बसला. क्षणभर दोन्हीकडची माणसं थांबली. मग लतीफच ओशाळून म्हणाला, “सॉरी हां, आदत हय.”

त्या रात्री आमच्या ग्रुपवर जी जुंपली ती आठवडाभर थांबली नाही. लतीफला पुढे आणा, असं निम्मे म्हणत होते. उरलेले म्हणत होते की पुढची जागा त्याला दिली तर उद्या गावात काय सांगणार? एक सल्लागार म्हणाले, दिनेशला चांगले बूट घेऊन द्या. दुसरे म्हणाले, सुऱ्यानेच हळू पास मारावेत. सगळे माझ्या पायाविषयी माझ्यासमोर असे बोलत होते जसा काही तो शाखेच्या मालकीचा आहे.

घरात तर वेगळीच चौकशी लागली होती. माझी मुलगी स्वरा इथल्याच इंडियन स्कूलमध्ये नववीत आहे. मराठी बोलते, पण गवारीच्या शेंगा निवडल्यासारखी एकेक शब्द बाजूला काढत. तिने माझे सगळे पास मोबाइलवर शूट करून ठेवले होते. म्हणाली, “बाबा, नो ऑफेन्स. बॉल तुझ्याकडे चौदा वेळा आला. तुझ्याकडे राहिला एकदाच. आणि तेव्हा गेम... काय म्हणतात... थांबलेला होता.”

“मग मी काय करू?”

“लतीफ अंकलला तुझी जागा दे. सिंपल.”

तिला सिंपल वाटलं. मला मात्र ते लागलं, आणि का लागलं तेही सांगून टाकतो. वीस वर्षांत मी शिमग्याला चारदा गावी गेलो, तेही सुरुवातीच्या वर्षांत. इथे शाळेची परीक्षा आणि आपला शिमगा एकाच महिन्यात येतात, सुट्टी मिळते ती जून-जुलैत. तेव्हा देव देवळात असतो आणि पालखी पेटीत. नऊ नंबरची जर्सी, मागे ‘गावकर’ छापलेली, घालून मैदानात पुढे उभा राहिलो की मला वाटायचं, आहे, आपली जागा अजून आहे. चेंडू नडगीवरून उडाला तरी चालेल. म्हणून ग्रुपवर मी लतीफच्या बाजूने एक अक्षर लिहिलं नव्हतं. सचिव असून.

शेवटी पुढच्या शुक्रवारी सकाळी पुन्हा मीटिंग बसली. लतीफ इब्राहून दोन तास गाडी चालवून आला होता, येताना हलव्याचा डबा घेऊन. तो म्हणाला, “माझं काय नाय. मला गोलात ठेवा, नायतर गाडी पार्क करायला ठेवा. पण हरायचा कंटाळा आला आता.” मला लाज वाटली, माझीच. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी जागा सोडतो.”

शांतारामदादांनी चष्मा काढला. “असा मान सोडता येत नाय, दिनेश. तो तुझा एकट्याचा नाय. सोडायचाच तर घरातल्या वडीलधाऱ्याने सोडायला हवा. आबांना लाव फोन.”

याचीच मला भीती होती. गेल्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धालाही मी पोचलो नव्हतो, आणि आता हे. व्हिडिओ कॉल लावला. आबा फोन कानाला लावूनच बोलतात, त्यामुळे अख्ख्या कार्यकारिणीसमोर स्क्रीनवर त्यांचा कान आला. शांतारामदादांनी त्या कानाला नमस्कार केला आणि सगळा विषय मिनिटबुकाप्रमाणे सविस्तर मांडला.

कान जरा सरकला. मग म्हणाला, “सोड की मग. लतीफ म्हंजे करीमचा ना? बरा पोरगा हाय तो. एवढ्यासाठी फोन केलात?”

“आबा, पण पुढचा खांदा आपल्या घराचा...” मी म्हणालो.

“दिन्या, माजा खांदा सा वर्सांमागे गेला. डाक्तरने पालकी उचलायची नाय म्हनून सांगितलान. मी नुसता दांड्याला हात लावून चालतो. खांदा देतो थापा.”

“कोण थापा?” शांतारामदादांचा आवाज चिरकला.

“आपल्या हापूसच्या बागेचा राखनदार. नेपाळचा. आट वर्सं झाली त्याला. बायको-पोरं इथंच हायत.”

मला वाटलं, माझ्या पायाखालची फरशीच कुणीतरी काढून घेतली. मी म्हणालो, “आबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?”

“तू इचारलंस कदी? तू फोनवर इचारतोस, पालकी झाली काय. मी झाली म्हनून सांगतो. होतेच की ती.”

शांतारामदादांनी शेवटचा प्रश्न विचारला, अगदी हळू. “आबा, पण देवाला चालतं?”

“अरे, सा वर्सांत देव एकदा पन खाली पडला नाय. त्याला आनि काय पायजे?”

शांतारामदादांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि पुटपुटले, “व्हय म्हाराजा.” आमच्या शाखेच्या इतिहासात एवढा मोठा ठराव एवढ्या लवकर कधी पास झाला नव्हता. हलवा उघडला.

त्या संध्याकाळी लतीफ पुढे आला, गोलात आणखी एक पदाधिकारी उभा केला. नवी जर्सी छापायला वेळ नव्हता, म्हणून माझीच घातली. सुऱ्याने लांब पास मारला, चेंडू लतीफच्या छातीवर आला, तिथून पायावर, आणि तिथून गोलात. माइकवरचा केरळी भाऊ ओरडत होता, “गावकर! व्हॉट अ टच! गावकर!” मी रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभा होतो. शाखेचे चार सल्लागार येऊन माझं अभिनंदन करून गेले. स्पर्धा जिंकलो असं लिहायला मला आवडलं असतं, पण पुढच्या मॅच जिंकत उपांत्य फेरीपर्यंत पोचलो आणि तिथे हरलो. एका गोलाने. शेजारच्या तालुक्याचं मंडळ त्याआधीच बाहेर पडलं होतं, त्यामुळे शांतारामदादांच्या मते आम्ही जिंकल्यातच जमा.

या मार्चमध्ये स्वराचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी आम्ही बापलेक विमानात बसलो. बायकोला रजा मिळाली नाही, ती चडफडत मागे राहिली. पाच दिवस गावात होतो. थापा माझ्याहून ठेंगणा, बोलतो मात्र माझ्याहून अस्सल. त्याच्या मुलीने पहिल्याच दिवशी स्वराला विचारलं, “तू असा का बोलतंस? बरा नाय काय तुला?” दोन दिवसांत स्वरा तिच्या मागे मागे बागेत फिरत होती आणि संध्याकाळी येऊन मलाच शब्दांचे अर्थ विचारत होती. त्यातले दोन मला आठवले नाहीत. ते आबांनी सांगितले.

पालखी देवळातून निघाली तेव्हा थापाच्या डोक्याला आमच्या घरचा फेटा होता. मला बघून तो थांबला, दांडा खांद्यावरून जरा उचलला आणि म्हणाला, “दादा, येवा. तुमचा मान हाय.” मी खांदा लावला. ढोल वाजले. आबा दांड्याला हात लावून बाजूला होते. मी मोजली, अकरा पावलं गेलो. वीस वर्षं एसीत काढलेला माझा खांदा बाराव्या पावलाला खचला आणि गुडघा वाकला. मी हाकही मारली नव्हती, पण थापा आधीच खाली शिरला होता. वजन माझ्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर कधी गेलं ते ढोलवाल्यांनाही कळलं नाही. देव हललासुद्धा नाही. लतीफच्या पायाशी अलगद बसलेला तो चेंडू माझ्या डोळ्यांसमोर आला.

मग मीही दांड्याला हात लावून चालायला लागलो, एका बाजूने आबा, एका बाजूने मी, मोहल्ल्याच्या नाक्यापर्यंत. तिथे लतीफच्या थोरल्या भावाने नारळ दिला आणि विचारलं, “आमचा लतीफ काय म्हणतो?” मी सांगितलं, आमच्या जागेवर उभा आहे, मजेत आहे.

गाडीच्या खिडकीशी आबा म्हणाले होते की तुझी जागा आहे तिथेच आहे. मी वीस वर्षं समजत होतो की ती माझी वाट बघत रिकामी पडलीय, आणि त्या समजुतीवर परदेशात सुखाने झोपत होतो. रिकामी आहे, असं आबा कधीच म्हणाले नव्हते. निघायच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो, मग थापाला मिठी मारली, आणि स्वराने तिच्या मैत्रिणीला सांगितलं, “मी फुडल्या शिमग्याक येतंय.” शब्द चुकीचा की बरोबर ते मला कळलं नाही. पण थापाची पोरगी हसली नाही, ती फक्त म्हणाली, “ये, तुजी जागा हाय.”