मनातलं फोटोत येते

"डागिने काढा, अन् मनातलं बी काढून ठेवा. फोटोत येते!"

अकोल्यातल्या आमच्या सीटी स्कॅन सेंटरात पेशंटला मशीनवर निजवणारे मामा प्रत्येकाला हे बजावत. हातात स्टीलची ताटली. तिच्यात कानातले, आकडे, ताईत पडत. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण लोक मनातलंही काढून ठेवत. एका सासूबाईंनी निजल्यानिजल्याच कबूल केलं, "सुनेच्या लोणच्यात वला चमचा म्याच घातला होता, बापा." सून दारातच उभी!

मी मशीन चालवणारा, शिकलेला. माझं डोकं फिरायचं. "मामा, काहीही काय सांगता लोकांना? मन-बिन वेगळं काही नसतं. मेंदू म्हणजेच मन."

"अबे बैताडा, मेंदू तं तुह्या खोपडीतच हाये. मंग मन सकायपासून परतवाड्याले काहून गेलं?"

बायको माहेरी, परतवाड्याला गेली होती. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. बैताड म्हणजे आमच्याकडे येडपट. मामा मला तोंडावर म्हणायचे, डॉक्टरांना पाठीमागे.

मग एक दिवस त्यांच्या गावाहून, हिवरखेडहून, मामांनाच स्ट्रेचरवर आणलं. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. मामी रडत होत्या. "मले ओयखतच नाई जी. आत हायेत का गेले, तेवढं पाहून सांग, बापू."

मामांच्या गळ्यातली माळ मी त्यांच्याच ताटलीत ठेवली. पडद्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताचा मोठा पांढरा डाग दिसला. माणूस आत आहे का, हे सांगणारं बटण काही त्या मशीनला नाही. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं विसरा.

मी मामांना बाहेर आणलं, माळ परत त्यांच्या गळ्यात घातली. रडू आवरायला काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मामा, तुमच्या मनातलं काहीच नाही आलं बा फोटोत."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड वाकडं झालं, आणि शब्द आला, अगदी स्वच्छ.

"बैताड!"

"हायेत! आतच हायेत!" मामी ओरडल्या. शिवी खाऊन इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तेवढा एकच शब्द उरला. पाणी हवं तरी बैताड, मामींना हाक मारायची तरी बैताड. आणि मामी लगबगीनं "आली, आली" म्हणायच्या. दिवाळीच्या आधी मामा गेले.

त्यांची फिल्म मी जपून ठेवली आहे. अधूनमधून उजेडासमोर धरतो. बोलण्याची सगळी जागा त्या डागाखाली गेली आहे. तो एक शब्द कुठे दडून बसला होता, मला अजून सापडलेलं नाही.

कुणी निजतानिजता विचारतं, "भाऊ, मनातलं येते का जी यात?"

मी ताटली पुढे करतो. "येते. काढून ठेवा."