विमल मॅडम हयात आहेत का?

विमल मॅडम गेल्या, हे कॉम्प्युटरला मी सांगितलं.

त्याला आज वर्ष झालं.

आमचं ऑफिस म्हणजे राजारामपुरीतल्या दोन खोल्या. काम असं, की कॉम्प्युटर इंटरनेटवरची मराठी पानं वाचतो आणि आपलं आपण माहिती शिकतो. शिकलेलं एकेक वाक्य स्क्रीनवर येतं. आपण ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं.

ते तपासायला विमल कांबळे मॅडम यायच्या. कागलकडच्या शाळेतनं रिटायर झालेल्या.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर आलं, ‘इचलकरंजी हा एक विणकर आहे.’

मॅडम माझ्याकडं बघून ओरडल्या, “अगं रूपाली, ह्येला आधी पहिलीत बसवा की!”

पण प्रत्येक ‘चूक’पुढं त्या शेरा लिहायच्या. पोरांच्या वहीत लिहावा तसा.

एका दुपारी वाक्य आलं,
‘विमल कांबळे, शिक्षिका. निधन झाले आहे.’

कुठल्यातरी बातमीत त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या बाई वारल्या होत्या. मी घाईनं स्क्रीन त्यांच्यासमोरनं वळवायला गेले.

मॅडम मात्र डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसल्या. ‘चूक’ दाबलं. शेरा लिहिला,
‘मी जिवंत आहे. चहा पीत आहे.’

चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मेथी निवडता निवडता त्या गेल्या. हार्ट अटॅक.

आठवड्याने मी कामावर आले. कॉम्प्युटरने त्यांच्या निधनाची बातमी वाचली होती. तेच वाक्य पुन्हा समोर आलं. खाली बारीक अक्षरात,
‘आधी चूक ठरवले आहे. मी जिवंत आहे. चहा पीत आहे.’

बातमी वाचूनही त्याला खात्री नव्हती.
त्याचा विश्वास मॅडमवर होता.

माझ्याच्यानं ‘बरोबर’ दाबवेना. मी वाक्य पुढं ढकललं. दुसऱ्या दिवशी परत आलं. तिसऱ्या दिवशीही.

शेवटी त्यांच्या मुलीला, सुजाताला, फोन केला. ती ऑफिसात आली. उभ्या उभ्याच वाचलं.

“आईनं लिहिलंय?”

“व्हय.”

“तू ‘बरोबर’ दाबलंस तर हे ऱ्हाणार न्हाय?”

“न्हाय. पुसलं जातं.”

ती खुर्चीत बसली. शेरा मोठ्यानं वाचला. मग परत एकदा, अगदी आईच्या आवाजात. पलीकडच्या टेबलावरची पोरं टायपिंग थांबवून बघायला लागली.

“दाब,” ती म्हणाली.

मी दाबलं.

लगेच पुढचं वाक्य आलं. कुठल्यातरी साखर कारखान्याचं.

मॅडम, तुमच्या अंत्यविधीला मी होते. रडलेही. पण तुम्ही गेलात हे मला पटलं ते त्या क्लिकला. तेव्हापासून कुणाच्याही निधनाचं वाक्य आलं की बोट थांबतं. वाटतं, हे माणूस कुठंतरी बसलेलं असेल, आणि आपण त्याला विचारलंच नाही.

सुजाता त्या दिवशी जाताना जिन्यात माझा हात धरून बराच वेळ उभी राहिली.

मॅडम, तुमची फार आठवण येते.
मनापासून आदरांजली. जय भीम.