अकराव्या कागदावरचा वार

चष्मेवाल्याने लग्न केलं नाही ते एका तलवारीच्या डावापायी, अशी आमच्या गल्लीत कुजबूज होती. म्हणे तरुणपणी त्याला मरणाच्या दारात टेकलेला एक म्हातारा तलवारबाज भेटला, त्याने कानात एक गुप्त वार सांगितला आणि बदल्यात शपथ घातली, की बाबा रे, संसार करायचा नाही. त्यातली शपथेची फोडणी माझी. खोटं कशाला बोलू? मूळ कुजबूज फारच आळणी होती.

माणूस पाहाल तर पोटात काही गुप्त ठेवेल असा मुळीच नाही. अंगाने काटकुळा, जरा पोक आलेला, आणि गळ्यात दोरीने लोंबणारा स्वतःचाच चष्मा दिवसातून चारदा शोधणारा. त्याचं दुकान माझ्या दारासमोर, तेव्हा माझ्यापासून काय लपणार? सकाळी काचा घासायचं यंत्र घुरघुरायला लागलं की माझा चहा गोड लागायचा. गिऱ्हाईक आलं की तो त्याच्या नाकासमोर पट्टी धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचा, आणि इतका टक लावून बघायचा की एखादी बाई लाजून पदर सावरायची. ह्याला त्याची दादच नाही. हा आपला बुबुळंच बघतोय.

घरात थोरली बहीण. अख्खी गल्ली तिला ताई म्हणते. ती फोटो काढायची, लोकांच्या समारंभांचे आणि कधी ग्रंथालयांसाठी जुन्या पुस्तकांचे. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली ती कॅमेरा आणि जीभ घेऊन. कॅमेऱ्याला निदान झाकण होतं.

बावीस वर्षांपूर्वी दूरच्या एका ग्रंथालयात तिला चारशे वर्षांपूर्वीचं एक पुस्तक मिळालं. तलवार कशी चालवावी याचं. अकरा चित्रं, प्रत्येकात दोन माणसं समोरासमोर. चित्रांखाली मजकूर होता, पण ती भाषा कुणालाच येत नव्हती, म्हणून ताईने फोटोंतून अक्षरं सरळ कापून टाकली आणि नुसत्या चित्रांच्या पारदर्शक स्लाइड करून आणल्या. ऐन दुपारी दुकानामागच्या खोलीचे पडदे ओढले. ताई प्रोजेक्टरमध्ये एकेक स्लाइड घालत होती, भाऊ भिंतीवरच्या मोठ्या कागदावर पडलेल्या उजेडाची रेघ न् रेघ पेन्सिलीने गिरवत होता. मीही होतो, गप्पा पुरवायला. संध्याकाळपर्यंत माणसाच्या उंचीचे अकरा कागद तयार झाले. स्लाइड पुढे बुरशीने खाल्ल्या. कागद राहिले.

त्या कागदांवरून चष्मेवाल्याने क्लब काढला. शाळेची जुनी व्यायामशाळा, रविवारची सकाळ, बोथट तलवारी, जाळीचे मुखवटे. शिकायला कोण, तर दवाखान्यातली एक नर्स, बसचा एक ड्रायव्हर, टपालातले दोन कारकून आणि गणिताचे एक निवृत्त मास्तर. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं खाली यायचं आणि फळ्यांवरची धूळ त्यात तरंगत राहायची. भिंतीवर ओळीने अकरा कागद. वारा आला की ते हलायचे, आणि पेन्सिलीची ती बावीस माणसं श्वास घेतायत असं वाटायचं. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघायचो. कधी डोळा लागला तरी काही चुकल्यासारखं वाटायचं नाही. जागेपणी आणि झोपेत तेच दिसायचं.

कारण तो शिकवायचाच तसा. पहिलं वर्षभर घाई म्हणून नाही. "तळ्याच्या तळाशी चाललोय असं समजा," म्हणायचा. मग ती सगळी मंडळी पवित्रा घ्यायची, वार करायची, वार अडवायची, आणि एक वार खांद्यापर्यंत पोचायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माझं पेपराचं अर्धं पान वाचून व्हायचं.

क्लबात पंच नव्हता. ज्याला तलवार लागली त्यानेच रिकामा हात वर करून सांगायचं, "लागली." मारणाऱ्याने ओरडायचं नाही, बघणाऱ्याने बोलायचं नाही. एक कारकून एकदा लागूनही गप्प राहिला, तर चष्मेवाल्याने त्याला काही म्हटलं नाही, तो नुसता वाट बघत उभा राहिला. दहा मिनिटं. शेवटी घामाघूम होऊन त्या बिचाऱ्याने हात वर केला.

आता त्या अकराव्या कागदाकडे येतो. दहा कागदांत तलवार उजव्या हातात. अकराव्यात डाव्या! चष्मेवाला त्या कागदापुढे तीन महिने बसला. दुकानात फूटपट्टी, घरात झाडू, हातात येईल ते ह्या हातातून त्या हातात जायला लागलं. ताई म्हणायची, "आता भातवाढणीसुद्धा डाव्या हाताने फिरवतोय. उद्या मला वाढेल की कापेल, देव जाणे." तीन महिन्यांनी त्याला साक्षात्कार झाला: दहाव्या आणि अकराव्या चित्राच्या मध्ये तलवार हात बदलते.

तो वार मी शेकडो वेळा पाहिलाय. उजवा हात सुटतो, तलवार क्षणभर कुणाचीच नसते, उन्हात नुसती तरंगते, आणि डावा हात तिला असा उचलतो जसं झोपलेलं मूल कडेवर घ्यावं. बाहेरच्या क्लबांतली दांडगी मंडळी यायची आणि त्या तरंगत्या तलवारीकडे बघतच राहायची. तेवढ्यात लागलेली असायची. पुस्तकं कोळून प्यायलेल्यांनाही असला वार कुठे सापडेना. मग गुपित, म्हातारा, शपथ, सगळं आपोआप जमत गेलं.

गेल्या वर्षी चष्मेवाल्याने ठरवलं की सत्तरी आली, आता क्लब नर्सच्या हाती द्यायचा. सगळ्या क्लबांचा मेळावा आमच्याच व्यायामशाळेत भरणार होता, आणि तिथे तो अकरावा वार पहिल्यांदा बाहेरच्यांना उलगडून दाखवणार होता. आयुष्यभराची हीच काय ती मिरवणूक.

पंधरा दिवस आधी नर्स कसल्याशा प्रशिक्षणासाठी त्या ग्रंथालयाच्या गावी गेली. परत आली ती थेट दुकानात. मी दुकानातल्या बाकावर होतोच. तिने त्या पुस्तकाचं मोबाइलवर काढलेलं चित्र काउंटरवर ठेवलं आणि खाली बघून म्हणाली, "काका, पुस्तकातला माणूस उजव्याच हाताने मारतोय."

त्याने डोळ्याला भिंग लावलं. यंत्र बंद केलं. भिंगाखालून तो किती वेळ बघत होता सांगता येणार नाही, पण बाहेरच्या उन्हाची पट्टी एक फरशी पुढे सरकली.

"पायही उलटे आहेत," तो म्हणाला. "आपण सगळंच उलट करतोय."

आतून ताई आली, चित्र पाहिलं, म्हणाली, "जगाला चष्मे लावणारा भाऊ माझा." आणि एरवी तासभर बोलणारी बाई तेवढंच बोलून आत गेली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नर्स समजूत घालत होती. वार लागतो ना? मग झालं तर. कुणी विचारलंय? लोक हसतील, बावीस वर्षं चुकीचा डाव शिकवणारा क्लब म्हणतील, आणि तो क्लब उद्यापासून तिच्या गळ्यात. तिचंही खरंच होतं. चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी, जो उभ्या जन्मात कुठली बातमी पोटात ठेवू शकलो नाही, तो म्हणालो, "गप्प बस." पंधरा दिवस मीही गप्प बसलो. पोट फुगून ढोल झालं.

मेळाव्याला चाळीसएक माणसं आली. चष्मेवाल्याने दहा कागद दाखवले, नेहमीच्याच तळ्याच्या तळाच्या चालीने. अकराव्यापाशी सगळे पुढे सरकले. त्याने मुखवटा काढला, तलवार खाली ठेवली आणि रिकामा हात वर केला.

"लागली," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. समोर तर कोणीच नव्हतं.

"बावीस वर्षांपूर्वी लागली. मला आत्ता कळलं, म्हणून आत्ता सांगतोय. हा वार पुस्तकात नाही. चूक माझी आहे, ह्या पोरांची नाही."

मग त्याने अकरावा कागद भिंतीवरून उतरवला, फिरवला आणि पाठमोरा खिडकीच्या काचेला टेकवून धरला. मागून ऊन आलं. पेन्सिलीच्या रेघा कागदातून हळूहळू वर आल्या, पाण्यातून माणूस वर यावा तशा, आणि त्या माणसाच्या उजव्या हातात तलवार होती. हसलं कोणीच नाही.

मग तिथेच, सगळ्यांच्या देखत, तो नर्सबरोबर तो वार नव्याने शिकायला उभा राहिला. सत्तरीच्या माणसाचे पाय अडखळत होते आणि नर्स त्याचा कोपर धरून म्हणत होती, "सावकाश, काका. तळ्याच्या तळाशी." पाहुण्यांतल्या एका दांडग्याने जाताना विचारलं, की तो जुना, चुकलेला वार पण शिकवाल का? तो आता महिन्यातून एकदा शिकवतात. शिकवायच्या आधी चुकीचा आहे असं सांगतात.

कुजबूज अजून चालू आहे. नव्या कहाणीत म्हाताऱ्याला एक डोळाच नाही. ती भर कोणी घातली ते मला माहीत नाही. ह्या खेपेला खरंच मी नाही. म्हणून एकदा काय ते सांगून टाकतो. म्हातारा कोणी नव्हता. शपथ नव्हती. लग्न त्याला करायचं नव्हतं. अकरावी स्लाइड ताईने प्रोजेक्टरमध्ये उलटी घातली, कारण त्या वेळी मी तिला शेजारणीची भानगड सांगत होतो.