दसऱ्याची काडी

अंबरनाथच्या एमआयडीसीत हरिचंद्रदादांपेक्षा त्यांचं नाकच जास्त प्रसिद्ध होतं. बुवापाड्यात राहणारे दादा बावीस वर्षं प्रमोदशेठच्या छोट्या कारखान्यात डिओ आणि रूम फ्रेशनरचे डबे भरत होते. सुगंधाचा नवा ड्रम उघडला की सांगायचे, "ह्यो माल मागच्यासारका नाय." ते खरं निघायचं. त्यामुळे स्वारी जरा चढलेलीच असायची.

स्प्रे बनवणाऱ्या लहान कारखान्यांची आमची संघटना आहे. मी तिच्यात सुरक्षेचं काम बघते. गॅस गळला की वाजणारं यंत्र एकट्यादुकट्याला परवडत नाही, म्हणून संघटनेनं सगळ्यांसाठी मिळून घेतलं. ते बसवायचं आणि शिकवायचं काम माझं. दादांना मी तीनदा सांगितलं होतं, घरच्या सिलिंडरचा वास मुद्दाम घातलेला असतो. स्प्रेच्या डब्यातही तसाच पेटणारा गॅस भरतात, पण त्याला तो वास ठेवला तर सुगंधाचं वाटोळं होईल, म्हणून तो गॅस बिनवासाचा असतो. दादा हसले. "ताई, ह्या नाकावर लाईन चालवलीय." असा राग आला मला! पण त्यांच्या वयाकडे बघून विषय सोडला.

दसऱ्याला मशीनची पूजा होती. साबणाच्या पाण्यानं पुसलेलं मशीन, झेंडूची माळ, नुकताच फोडलेला नारळ. कामगारांची बायकामुलंही आलेली. उदबत्तीचा मान दादांचा, आणि पायाशी त्यांची चार वर्षांची नात उन्नती. तेवढ्यात गॅसगळतीचं यंत्र वाजायला लागलं. दादांनी हवा हुंगली. "वास कुठंय? बिघडलंय ते," म्हणत बटण बंद केलं आणि काडी ओढली. नारळाच्या पाण्यानं हात ओले होते, ती पेटली नाही. दुसरी काढतात तोच नात ओरडली, "आजा, फुगे!"

पाइपच्या जोडावर गळणाऱ्या गॅसनं साबणाचा फेस फुगत होता. दादांनी सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि गॅसची मुख्य चावी बंद केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मला हे सांगितलं. प्रमोदशेठ म्हणाले, "कोणाला काही झालं नाही ना? मग संघटनेत बोभाटा कशाला?" दादांची बावीस वर्षांची पत जाईल, हेही खरंच होतं. पण माझी सुरक्षेची पत्रकं कोणी वाचत नाही, आणि पुढच्या दसऱ्याला प्रत्येक कारखान्यात कोणीतरी काडी ओढणारच होतं. "संघटनेच्या सभेत सांगाल का?" एवढंच मी दादांना विचारलं. दादा पाठ फिरवून लाईनवर निघून गेले. आठवडाभर माझा जीव टांगणीला.

सभेला आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. खिशातली काडेपेटी टेबलावर ठेवून म्हणाले, "वास नाय आला, म्हनून मी यंत्र बंद केलं. नाक चुकलं माजं. काडी ओडली तवा नात पायाशी होती." माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी विचारलं, "मशीनपाशी दिवा, उदबत्ती कोन कोन लावतं? हात वर करा."

आधी मागून एक हात आला, मग प्रमोदशेठचा, मग जवळजवळ सगळ्यांचे. दादा माझ्याकडे बघत होते. मागच्या वर्षी एका कारखान्यात पाहुणी म्हणून मला दिवा लावायला दिला होता. लावण्याआधी मीही हवा हुंगून बघितली होती.

मी हात वर केला.