मेलेल्या मामांचा चहा

शिक्केवाल्यांचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. 'मिळाले', 'रद्द', 'तातडीचे' असले शिक्के ते बसल्याबसल्या करून देत. शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात. उलटं वाचायची त्यांच्या डोळ्यांना इतकी सवय, की सुलटं वर्तमानपत्र वाचताना ते जरा चाचरत. पण मनातून ते लेखक होते. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालून कागद निघत. अशा रिकाम्या दुपारी जोडत जोडत त्यांनी एक जाडजूड कौटुंबिक कादंबरी लिहून काढली.

प्रकाशकांनी ती परत पाठवली. एका पाकिटावर 'साभार परत' असा शिक्का होता. शिक्केवाल्यांनी तो उजेडात धरून न्याहाळला. काठ सुबक, अक्षर ठसठशीत. त्यांच्याच दुकानातला!

मग मात्र त्यांनी ठरवलं, पुरे झालं हे उंबरे झिजवणं. लेखक तेच, संपादक तेच, प्रकाशक तेच आणि गठ्ठे उचलणारे हमालही तेच. मुखपृष्ठावरचा सूर्यास्तसुद्धा त्यांनीच काढला. लेकीला तो ऑम्लेट वाटला, ही गोष्ट वेगळी. मुद्रितं तपासताना त्यांनी धंद्यातली युक्ती वापरली. शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचत आले. सुलटं वाचलं की माणूस गोष्टीत वाहवतो आणि काना-मात्रा निसटतात. उलटं वाचलं की गोष्ट मधे लुडबुडत नाही. पुस्तकात खरोखरच एकही अशुद्ध शब्द राहिला नाही.

वाचकही राहिला नाही. प्रती पलंगाखाली, कपाटावर आणि धुण्याच्या यंत्रामागे ठाण मांडून बसल्या. ज्यांना भेट दिल्या ते "सवडीने वाचतो हं" म्हणाले, आणि पुढे शिक्केवाले दिसले की रस्ता ओलांडू लागले. बिचाऱ्यांचं मागणं तरी काय मोठं होतं? कुणीतरी एकाने ती कादंबरी शेवटपर्यंत वाचावी, बस्स.

निदान बायकोने वाचायला काय हरकत होती? पण संध्याकाळ झाली की मायलेकी झॉम्बींच्या मालिकेसमोर बसत.

"मेलेली माणसं उठून चालतात काय, चावतात काय! ही गोष्ट आहे?" शिक्केवाले टीव्हीसमोर उभे राहून विचारत. "ज्याला जिवंत माणसं लिहिता येत नाहीत, तो मेलेली उठवतो."

"अहो, बसा नाहीतर बाजूला व्हा," बायको म्हणे. "तुमच्या आड झॉम्बींचा सरदार दिसत नाही."

"दिसला काय, नाही काय, बाबांची चाल डिट्टो तशीच आहे," लेक म्हणे. "फक्त ते भाषणही देतात."

अशात वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी त्यांना रविवारी दुपारी बोलावलं. वाचक मंडळात कादंबरीवर चर्चा, शिवाय 'स्वतःचं पुस्तक स्वतःच काढताना' या विषयावर दोन शब्द. प्रती आधीच सगळ्यांना वाटल्या होत्या. शिक्केवाल्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी घणाघाती भाषण तयार केलं: संपादक म्हणजे लेखकाच्या ताटातला केस, आणि मालिका म्हणजे मेंदूला लागलेली वाळवी.

नेमकी त्याच आठवड्यात मालिका संपली. सरदार जळाला, शहर वाचलं आणि बायकोच्या संध्याकाळी ओस पडल्या. तिने धुण्याच्या यंत्रामागून एक प्रत ओढली, फडक्याने पुसली आणि वाचायला बसली. शिक्केवाले दाराआडून बघत राहिले. ती मधेच हसली की हे मान लांब करून पान कुठलं ते बघत. तिथे हसण्यासारखं काही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने विचारलं, "अहो, चौथ्या प्रकरणात मामा गेले ना?"

"गेले! हृदयविकाराने. तो प्रसंग लिहिताना मी स्वतः रडलो होतो."

"मग अकराव्यात ते गच्चीत बसून चहा कसे पितात?"

"काहीतरीच काय! मी अख्खं पुस्तक स्वतः तपासलंय."

बायकोने पान उघडून पुढे केलं. मामा आरामखुर्चीत होते. चहात साखर जास्त पडली म्हणून भाचीवर करवादतही होते. शिक्केवाल्यांनी चौथं प्रकरण उघडून पाहिलं, मग पुन्हा अकरावं. मागून पुढे वाचताना मामा आधी चहा प्यायले होते आणि मग रीतसर वारले होते.

"कुणी चावलं होतं का त्यांना?" लेकीने अगदी गंभीरपणे विचारलं.

"नाही गं," बायको म्हणाली. "चावलं असतं तर चहा कुठला, भाचीच खाल्ली असती."

आयुष्यभर वाचक मागणारा तो माणूस वाचनालयात जाताना मनोमन विनवत होता, कुणीही वाचलेलं नसू दे!

तसंच झालं. एक जण भाषा ओघवती आहे म्हणाला. दुसऱ्याने बांधणी कौतुकाने थोपटली. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर घसा खाकरून म्हणाले, "मामांचं पात्र तर अगदी शेवटपर्यंत लक्षात राहतं." टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवर बायको तोंडावर पदर धरून बसली होती.

शिक्केवाल्यांची अब्रू वाचली होती. पण हातातलं भाषण एकाएकी शिळ्या भाकरीसारखं वाटायला लागलं. यांना फसवायला तरी कशाला हवं? फसायलासुद्धा आधी वाचावं लागतं!

"मॅनेजरसाहेब," ते म्हणाले, "मामा कितव्या प्रकरणात वारतात?"

मॅनेजर छताकडे बघायला लागले.

"चौथ्या. आणि अकराव्यात चहा पितात. संपादक मी होतो, तपासनीसही मीच. कुणाला विचारलं नाही, त्याचं हे फळ. इतके दिवस टीव्हीपुढे उभा राहून भाषणं ठोकत होतो, आणि माझ्याच घरातला मेलेला मला दिसला नाही. स्वतःचं पुस्तक स्वतः काढण्याबद्दल मला एवढंच सांगायचंय. छापण्याआधी ते घरात कुणालातरी वाचायला द्या."

मंडळींनी आपापल्या प्रती पुढे ओढल्या. मग पानांची जी सळसळ सुरू झाली! कुणी चौथं शोधतंय, कुणी अकरावं. "अरे, खरंच की!" "साखर जास्त झाली म्हणतोय बघा, मेला!" "भाचीला काहीच कसं वाटत नाही?" मॅनेजरांनी चष्मा पुसला आणि मुकाट पहिल्या पानापासून सुरुवात केली. ग्रंथपाल बाईंना दिवे मालवायचे होते, पण कुणी उठेना.

घरी परतताना शिक्केवाल्यांनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात टाकला. शेवटी न राहवून म्हणाले, "काय गं, शेवट कसा वाटला?"

"कुठला शेवट? अकराव्यापर्यंतच आलेय अजून."

"अच्छा. म्हणजे तुला त्या भाचीचं लग्न..."

"अहो!" बायको भर रस्त्यात थांबली आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "पुढचं सांगायचं नाही हं!"