माझ्या आईचा अर्थ

सरांनी आईच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. विचारलं नाही. दोन बोटांनी उचलला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "चित्रपटात चष्मा नाही."

सांगलीतल्या आमच्या चित्रपट मंडळाचा हॉल, आईचा सत्कार. खुर्च्या एकशे चाळीस. मीच लावल्या होत्या. आईचं वय एकाहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले. स्टेजच्या चार पायऱ्या. चौथीवर तिचा पाय अडखळला. लोकांना तेही आवडलं. टाळ्या पडल्या.

तीन वर्षांपूर्वी आटपाडीकडच्या आमच्या गावात शूटिंग झालं होतं. गर्दीसाठी आमच्या बौद्धवस्तीतल्या बायका नेल्या. दिग्दर्शकाला आईचा चेहरा पसंत पडला. डोक्यावर घागर घेऊन चढ चढायचा, थांबायचं, पुढं जायचं. पडद्यावर ती बावन्न सेकंद आहे. मी घड्याळ लावून मोजलंय.

मी मोजणी खात्यात नोकरीला. जमिनी मोजतो. मंडळात सहा वर्षं सभासद. सिनेमा कसा बघायचा, कादंबरी कशी वाचायची, हे मंडळ चालवणाऱ्या सरांनीच शिकवलं. फुटलेलं घर म्हणजे फाळणी. आंधळा बाप म्हणजे सत्ता. सोसणारी बाई म्हणजे देश. अशी एकोणतीस पानं माझ्या वहीत आहेत. मला वाटायचं, आपल्याला दृष्टी आली. सत्कारासाठी आईनं नवं इरकली लुगडं काढलं होतं. 'जुनं, विटकंच नेस, सर म्हणालेत,' असं तिला सांगणारा मीच.

सर माईकवर बोलायला लागले. "ही स्त्री म्हणजे आपला देश. घागर रिकामी आहे, तरी ती चालते आहे. तक्रार नाही. देश सोसतो, बोलत नाही."

आईपुढं माईक नव्हता. तरी ऐकू गेलं.

"आवं सर, घागर भरल्याली हुती. सतरा डाव चढवलं मला. मान पार आखडली. पाणी मागितलं तर म्हणले, व्हट कोरडंच पायजेत. डोक्यावर पाणी, आन् प्यायचं न्हाई."

हॉलमध्ये हसू पसरलं. सरही हसले. मायेनंच म्हणाले, "आजी, घागरीत काय होतं ते आम्ही ठरवू. तुम्ही फक्त उभ्या राहा."

मीही हसलो. हे लिहिलंच पाहिजे. हॉल हसला, त्यात मी एक. आईला समोरचं धूसर दिसत होतं. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

परतीच्या एसटीत तिनं चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "तू बी हसलास व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. वही काढून पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक बाई कशाचं तरी प्रतीक होती. एकीलाही तहान लागलेली नव्हती. अक्षर सगळं माझंच.

दहा दिवसांनी मंडळाचे सेक्रेटरी गाडी घेऊन गावी आले. तीस एकर उसाचे बागायतदार, बोलायला गोड. मंडळ जिल्हाभर देशप्रेमाचा महोत्सव करणार होतं. पोस्टर सोबत आणलं होतं. त्यावर आईचा चेहरा. खाली सरांचं वाक्य : देश सोसतो, बोलत नाही. आणि एक संमतीपत्र, शाईचा पॅड.

"अंगठा चालंल, मावशी."

"सही येती मला," आई म्हणाली. "करायची न्हाई."

मी म्हणालो, "दादा, हे वाक्य खोटं आहे. ती बोलली. तुमच्यासमोर बोलली."

त्यांनी पॅड मिटला. वस्तीकडं बघितलं, मग आमच्या दाराकडं. आवाज चढला नाही. "गड्या, ती आता निस्ती तुझी आई न्हाई राहिली. देश झालीया. देशाबद्दल कोण वाकडं बोललं तर पोरं ऐकून घ्यायची न्हाईत. तुझं घर लय कडंला हाय."

जाताना आईच्या पाया पडले.

पोस्टर लागलं. सहीशिवाय. एसटी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर, वस्तीच्या तोंडाला. मी सात मोजली. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोन मोटरसायकली दारावरून जातात. थांबत नाहीत. वेग कमी करतात. शेजारी आता बोलणं टाळतात. बायको म्हणते, पोरीला मामाकडं पाठवू. पाठवली.

येत्या रविवारी तालुक्याच्या गावी महोत्सवात हाच चित्रपट आहे. मोफत. मी आईला सांगितलं, बावन्न सेकंद संपले की मी उठणार. सगळं सांगणार. तुझ्या वतीनं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कशापायी? सर बी माझ्या वतीनंच बोलल्यात की. मी उठती. तू निस्तं मला धर."

सहा वर्षांत सरांनी शिकवलं नाही, ते इथं कळलं.

रविवारी ती बोलेल. मी तोंड उघडणार नाही. तिच्या आणि त्या पोरांच्या मध्ये उभा राहीन. तिचं सगळं बोलून होईपर्यंत.