बे, नून, मीम

परंड्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायला लागून मला आता सोळा वर्षं झाली. शिकवण्यापेक्षा लोकांच्या घरी जाऊन अडलेली मशिनं चालू करून देण्यातच माझा जास्त वेळ जातो. त्यातली बहुतेक घरं मी विसरले. किल्ल्याजवळच्या गल्लीतलं आमच्या सरांचं घर मात्र विसरता येत नाही.

सर आम्हाला शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आठवणी उर्दूत लिहायला घेतल्या, आणि त्याही थेट कॉम्प्युटरवर. डोळे अधू झाले होते, म्हणून मोठी अक्षरं दिसावीत यासाठी शेजारी एक टीव्हीसुद्धा जोडून घेतला होता. ते गेल्यावर आठ महिने कॉम्प्युटर कापडाखाली झाकून होता. मग त्यांचा मुलगा पुण्याहून चार दिवस आला. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलता यावं म्हणून त्यानं त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि तो परत गेला. आठवड्यानं मला त्याचा फोन आला.

"ताई, जरा घरी जाऊन बघता का? अपग्रेड केल्यापासून स्क्रीनवरचं अर्धं गायब आहे. इंग्रजी टाइप होत नाही. आणि अम्मी म्हणते... अम्मी म्हणते, कुणी हात न लावता अक्षरं उमटतात."

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर, दुपारी दोनच्या सुमारास मी गेले. सरांच्या बायकोला आम्ही सगळे विद्यार्थी चाची म्हणायचो. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला तशी माझ्या हातावर हात ठेवला.

"दुरुस्त मागनं कर. आधी बघ."

स्क्रीन काळी होती. आम्ही दोघी समोर बसलो. आतल्या खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. काही होईना, तेव्हा मीच माऊस हलवला. स्क्रीन उजळली. सरांची फाईल उघडी होती. मुलानं जाताना आईला वाचायला म्हणून ती उघडून ठेवली होती. बाकी काही नव्हतं, खालची पट्टी नाही की एकही चिन्ह नाही. माऊसचा बाण उजवीकडे नेला तर तो कडेला थांबेना. पार निघूनच गेला, आणि बराच वेळ डावीकडे ओढल्यावर परत आला. तो जिथं जाऊन आला ती जागा आम्हाला दिसत नव्हती.

"ह्ये त्यांचं शेवटचं वाक्य," चाची म्हणाल्या आणि बोट ठेवून वाचू लागल्या. "कुएँ में उतरने से पहले अब्बा ने मुझसे कहा कि..."

विहिरीत उतरण्याआधी वडील मला म्हणाले की. तिथंच सरांचं लिहिणं थांबलं होतं.

"ते नऊ वर्षांचे होते तवा. वालिद गाळ काढायला विहिरीत उतरले, ते वर आलेच न्हाईत. काय बोलून गेले, ते ह्यांनी कुणाला सांगितलं न्हाय. चाळीस वर्षं संसार केला, मलाबी न्हाय." मग त्यांनी बोट पुढं सरकवलं. "आणि ह्ये बघ. ह्ये त्यांनी लिहिलेलं न्हाय. ह्ये आता आलंय."

वाक्याच्या पुढं तीन रांगा होत्या. पहिली करवतीच्या दात्यांसारखी, प्रत्येक दात्याखाली एक ठिपका. दुसरी तशीच, पण ठिपके वर. तिसरी बारीक मण्यांची माळ असावी तशी.

"बे," चाचींनी पहिल्या रांगेतलं उर्दू अक्षर वाचलं. "सोमवारी आला. मग नून. काल मीम. म्या लई विचार केला. बे म्हंजे बेटा. नून म्हंजे नीचे. मीम म्हंजे मत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बेटा, नीचे मत. आता 'आ'चा अलिफ आला की झालं. बेटा, नीचे मत आ."

बाळा, खाली येऊ नकोस. विहिरीच्या पायरीवर उभं असलेलं नऊ वर्षांचं पोर माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि बाहेर लख्ख ऊन असताना माझ्या अंगावर काटा आला.

मी कामाला लागले. हात चालू राहिले की मन थाऱ्यावर येतं. आधी पडद्याचं बघितलं. मशिनच्या मागं टीव्हीसाठी लावलेला कन्व्हर्टर तसाच होता. टीव्ही कधीच तिथून हलवला होता, पण नव्या सिस्टीमला वाटत होतं की दुसरा पडदा अजून जोडलेलाच आहे, आणि तिनं तोच मुख्य धरला होता. सगळी चिन्हं त्या नसलेल्या पडद्यावर होती, नव्या खिडक्याही तिथंच उघडत होत्या; सरांची फाईल तेवढी तिच्या जुन्या जागी उघडली होती. मी कन्व्हर्टर उपसला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि सगळं जागेवर आलं. भाषेचंही तसंच निघालं. अपग्रेडमध्ये कीबोर्डची उर्दू मांडणी पहिली झाली होती, म्हणून इंग्रजी उमटत नव्हतं. ती शेवटी बदलू म्हणून तूर्त तशीच ठेवली.

राहिली अक्षरं. कीबोर्डचं एखादं बटण चिकटत असेल असं मला वाटलं. मी त्याची वायर काढली, कीबोर्ड उलटा करून मांडीवर ठेवला आणि चाचींना म्हणाले, "एक जुनं फडकं द्या."

चाची आत गेल्या. आतल्या कपाटाचं दार वाजलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत मण्यांची माळ पुढं सरकू लागली.

एक मणी, दुसरा, मग भराभर. कीबोर्ड माझ्या मांडीवर होता, वायर फरशीवर लोंबत होती. माळ ओळीच्या टोकाला गेली, खालच्या ओळीवर आली आणि थांबली. चाची फडकं घेऊन दारात उभ्या होत्या.

"आलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी मशीन फिरवलं. मागं, अगदी कोपऱ्यातल्या छिद्रात, नखाएवढा काळा तुकडा दिसला. बिनवायरच्या कीबोर्डचा रिसिव्हर.

"चाची, सरांचा दुसरा कीबोर्ड होता का?"

"व्हता की. मांडीवर घेऊन लिहायचे. कुठं गेला म्हाईत न्हाय. सामान सगळं सुनेनं आवरलं."

आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तो सापडला. सरांच्या लोकरीच्या शालीत गुंडाळलेला, आणि वर चार गोधड्या. कपाटातून काही काढलं-ठेवलं की गोधड्यांचा भार हलायचा आणि खालची बटणं दाबली जायची. बे, नून, मीम ही तिन्ही बटणं खालच्या ओळीत एकाला एक लागून आहेत. मी ते बघितलं आणि शाल परत गुंडाळून टाकावी, काही सापडलं नाही म्हणावं, असं मला खरोखर वाटलं. पण चाची माझ्या मागंच उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. कीबोर्ड मांडीवर घेऊन कॉटवर बसल्या आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिल्या.

"मी दाबते," शेवटी म्हणाल्या. "तू भाईर जाऊन बघ, काय उमटतं."

चाचींना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्या बटणांवर नुसती इंग्रजी अक्षरं होती. उर्दू कुठल्या बटणात आहे हे कळायला त्यांना मार्ग नव्हता. मी बाहेर येऊन स्क्रीनपुढं उभी राहिले.

आतून एकदाच 'टक' असा आवाज आला. मण्यांच्या शेवटी एक सरळ उभी रेघ आली.

उर्दू येत नसलं तरी ते अक्षर मला ओळखता येतं.

"काय आलं?" आतून आवाज आला.

"अलिफ," मी म्हणाले.

पंखा फिरत होता. मी दारापर्यंत गेले तेव्हा चाची कीबोर्ड पालथा करून त्याचं झाकण नखानं उघडत होत्या. दोन्ही सेल काढून त्यांनी माझ्या हातात दिले.

"आता दाबायचं काही राह्यलं न्हाय," त्या म्हणाल्या. "पुसू मात्र नको."

मी पुसलं नाही. फाईल तशीच सेव्ह केली, वायरचा कीबोर्ड जोडला, इंग्रजी मांडणी पहिली केली, आणि मुलाला व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते त्यांना तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः लावला. पुण्यात तो ऑफिसात होता, आईचा चेहरा बघून हसला आणि मला विचारलं, "अक्षरांचं काय निघालं, ताई?"

"जुना कीबोर्ड कपाटात राहिला होता. गोधड्यांखाली दाबला जात होता."

"तेच म्हटलं," तो म्हणाला.

चाची त्याच्याकडं बघत होत्या आणि मी चाचींकडं. अलिफचं सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी त्याला जेवलास का म्हणून विचारलं.